शून्य क्रमांकाचा विद्यार्थी

भिंगरीताईला मी खुर्चीत नीट बसलेलं फार कमी वेळा पाहिलं. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं कॉलेजात सगळे म्हणायचे. त्यातूनच नाव पडलं आणि चिकटलं. डबासुद्धा ती खिडकीपाशी उभ्यानं खायची. "बसून खा गं, अंगी तरी लागेल," असं तिची आई फोनवर सांगायची, आणि ही फोन कानाला लावून खोलीभर फिरत म्हणायची, "बसलेय, बसलेय."

तिचं काम प्राध्यापकांना शिकवण्याचं होतं. कॉलेजचे सगळे कोर्स संगणकावर गेले होते. धडे तिथे टाकायचे, निबंध तिथे घ्यायचे, तपासायचे, गुणही तिथेच भरायचे. ज्यांना जमत नव्हतं ते मदत कक्षात फोन करायचे. मदत कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, दोन टेबलं आणि भिंगरीताई. दुसरं टेबल माझं. साहित्यात पदवी घेऊन मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागले होते. तासावरच्या लोकांना बसायला जागा नव्हती, म्हणून मला तिथे टाकलं होतं.

"माझा कोर्स उडाला!" फोनमधला आवाज माझ्या टेबलापर्यंत यायचा.

"उडेल कसा मॅडम, त्याला पंख नाहीत. तुम्ही गेल्या वर्षीचा उघडलाय. मागे या."

"मागे म्हणजे कुठे?"

"डाव्या हाताला बाण आहे बघा. तो नाही, तो नाही. त्यानं तुम्ही बाहेर जाल."

"गेले."

"या परत. मी आहे इथेच."

फोन ठेवून ती कपाळावर हात मारायची आणि हसायची. फोनवर नाहीच जमलं, तर स्वतः त्या खोलीकडे पळायची. परत यायच्या आत दुसरा फोन वाजत असायचा.

भूगोलाच्या नदीवाल्या सरांकडे ती अशीच पळत गेली होती. सर निवृत्त झालेले. दरवर्षी मुदतवाढ घेऊन एकच विषय शिकवायचे. नदी कुठे वळते, का वळते, गाळ कुठे टाकते. फळ्यावर एका दमात नदी काढायचे, पण माउस हातात आला की बोटं थरथरायची. मुलांचे निबंध कुठे येतात, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. ताईनं युक्ती केली. प्रत्येक कोर्समध्ये एक खोटा विद्यार्थी आपोआप तयार होतो. त्याचा क्रमांक शून्य. मुलांना पान कसं दिसतं हे शिक्षकाला बघता यावं, एवढ्यापुरताच तो असतो. हजेरीत नाही, गुणांच्या यादीतही नाही. आम्ही त्याला शून्या म्हणायचो. ताईनं शून्याच्या नावानं चार ओळींचा निबंध पाठवला.

"आता बघा सर. आला का?"

"आला, आला!" सर खूश झाले.

तेवढ्यात तिला पुढचा फोन आला आणि ती निघाली. निबंध खोटा आहे, हे सांगायचं राहून गेलं. सरांना वाटलं, कुणीतरी उशिरा प्रवेश घेतलाय, क्रमांक पडायचा असेल. त्यांनी निबंध तपासला.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. सत्र संपता संपता सरांची तक्रार आली. ती मीच मोठ्यानं वाचली. "माझा एक विद्यार्थी गुणांच्या यादीत दिसत नाही. त्याचं वर्ष वाया जाईल. कृपया लक्ष घालावे."

"ताई, शून्याचं वर्ष वाया जाणार गं!" मला हसू आवरेना.

ताई हसली नाही. ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "दार लाव."

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. शून्याचे निबंध एकाखाली एक लागलेले होते. पहिल्या चार ओळी तिच्या घरामागच्या नाल्याबद्दल होत्या. घाईत सुचलं ते लिहिलेलं. खाली सरांचा शेरा होता. "नाला ही नदीच. गाळ कोणत्या काठाला साचतो? पाहून लिही."

"मग मी पाहिलं," ताई म्हणाली.

"आणि लिहिलंस?"

"लिहिलं."

पुढे प्रत्येक निबंध तिनं लिहिला होता. सरांचे शेरे निबंधांहून लांब होते. गुण वीसपैकी नऊ, मग अकरा, मग पुन्हा दहा. एका ठिकाणी सरांनी लिहिलं होतं, "निरीक्षण चांगलं. निष्कर्ष घाईचा. एवढी घाई कसली?"

"बघितलंस? न बघता ओळखलं मला," ती म्हणाली. पण आवाज हसण्याचा नव्हता.

तिचं कॉलेज पहिल्याच वर्षात सुटलं होतं. वडील गेले, धाकटा भाऊ शाळेत होता, हिनं नोकरी धरली. हे मला माहीत होतं. त्याचं तिला काही वाटत असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. दिवसभर ती प्राध्यापकांची चेष्टा करायची. मला वाटायचं, ही सुटली एकदाची या सगळ्यातून.

"जमतं का एवढंच बघायचं होतं," ती म्हणाली. "दहा म्हणजे जमतं का गं?"

"काठावर."

"काठावर तर काठावर."

मग ती उठली आणि तिच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. मदत कक्षाच्या माणसानं शिक्षकाच्या कोर्समध्ये मदतीपुरतंच शिरायचं, ही नोकरीची अट होती. तिचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. नवा करायचा की नाही, हे वर ठरणार होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक बटण होतं, "पूर्ववत करा". ते दाबलं की शून्याचे निबंध, शेरे, गुण, सगळं पुसलं जातं. मागे खूण राहत नाही.

"दाब ना मग," मी म्हणाले.

"आणि सर?"

सरांची गोष्ट तोवर शिक्षकांच्या खोलीत पोचली होती. त्यांचा कोर्स विभागप्रमुखांना दुसऱ्याला द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी मुदतवाढीची बैठक होती. "सरांना आता नसलेली मुलं दिसायला लागली," असं विभागप्रमुख चहा पिताना म्हणाले होते. "साठी बुद्धी नाठी म्हणतात. यांची तर सत्तरी उलटली." सगळे हसले होते. मीही तिथेच उभी होते.

बटण दाबलं की ताईची नोकरी वाचत होती आणि सर वेडे ठरत होते. ती बटणापाशी यायची, बोट ठेवायची, उठायची. जिन्यापर्यंत जाऊन परत यायची. फोन वाजत होते. आयुष्यात पहिल्यांदा ती एकही फोन घेत नव्हती. "मी काय त्यांचं मीठ खाल्लंय?" असं मध्येच मला विचारायची, आणि मी तोंड उघडायच्या आत पुढे जायची.

दुसऱ्या दिवशी तिला बैठकीत बोलावलं. स्क्रीन जोडायला माणूस लागेल म्हणून मीही गेले. सर कोपऱ्यात बसले होते, हातात कागदाची घडी.

"मॅडम, एकदा दाखवून टाका," विभागप्रमुख म्हणाले. "असा कुणी विद्यार्थी आहे का?"

"क्रमांक शून्य हा खरा विद्यार्थी नसतो, सर."

विभागप्रमुखांनी सगळ्यांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली. त्यांचा कान लाल झाला होता.

"पण निबंध खरे आहेत," ताई म्हणाली. "ते मी लिहिलेत. सरांना काही भास झालेला नाही. मीच त्यांना सांगितलं नाही."

सर हळूहळू उठले.

"तू माझी थट्टा केलीस?"

"नाही सर."

"नाल्याच्या वळणावर गाळ कुठे असतो?"

"आतल्या अंगाला."

"का?"

"तिथे... पाण्याला घाई नसते."

"पाण्याला घाई नसते असं नाही म्हणायचं. वेग कमी असतो." सर खाली बसले. "अकरा बरोबरच दिले होते मी."

"सर, हा तास नाही," विभागप्रमुख म्हणाले.

सरांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही.

सरांना मुदतवाढ मिळाली. ताईचा करार नवा झाला नाही. महिना संपायची वाटसुद्धा पाहिली नाही. तिचं लॉगिन त्याच दुपारी बंद झालं. शून्याचे निबंधही वरच्या हुकमानं पुसले गेले. सर निघताना आमच्या दारावरून गेले. थांबले नाहीत, आत पाहिलंही नाही. मला राग आला. ताई टेबल आवरत होती. तिनं खण तीनदा उघडून बंद केला. आत काही नव्हतं.

"पस्तावलीस?" मी विचारलं.

"ठाऊक नाही. आईला काय सांगू ते सुचव आधी."

मी साहित्य शिकवते. मला काही सुचलं नाही.

आठवडाभरानं आम्ही बसथांब्यावर उभ्या होतो. ती एका दवाखान्यात कामासाठी विचारून आली होती. कळवतो म्हणाले होते. ती बाकाभोवती घिरट्या घालत होती, तेवढ्यात फोन वाजला. नाव बघून ती जागच्या जागी थांबली. मग तिनं आवाज मोठा केला, मला ऐकू यावा म्हणून.

"गुण भरायचा आज शेवटचा दिवस आहे," नदीवाले सर म्हणाले. "पान उघडत नाही."

"सर, मी आता मदत कक्षात नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर या नंबरवर लावला. तिथला नवा मुलगा फार भरभर बोलतो."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली आणि सरांना एकेक पायरी सांगू लागली. आमची बस आली आणि गेली. सर एकेक नाव मोठ्यानं वाचत होते, गुण भरत होते, ती हूं हूं म्हणत होती.

"झाले सगळे," शेवटी सर म्हणाले. मग जरा थांबून, "तुझी ओळ कुठली?"

"माझी नाही, सर," ती म्हणाली. "तसंच खाली या. तळाला 'जतन करा' आहे, ते दाबा."