खाणीच्या उतारासाठी टायर

घाबरायला मला फारसं कारण लागत नाही. हळर्णला माहेरी असताना होडीत बसले, तरी काठ येईपर्यंत मी डोळे मिटून घ्यायचे. आणि अशा बाईच्या नशिबी नवरा आला तो डिचोलीच्या खाणीत जीप घेऊन उतरणारा. ह्यांचं घराणं मूळचं सावंतवाडीकडचं, खाणी जोरात होत्या तेव्हा इकडे येऊन राहिलेलं. जीप स्वतःची, काम कंत्राटदाराचं. पावसात खनिज काढणं बंद असे, पण खड्ड्यात साठणारं पाणी उपसायला तळाशी पंप लावलेले असत. ते चालवणाऱ्या दोघांना सकाळी खाली न्यायचं आणि संध्याकाळी वर आणायचं, हे ह्यांचं पावसाळ्यातलं काम.

श्रावणातल्या एका रविवारी हे जीप धूत होते आणि मी विहिरीचं पाणी आणून देत होते. पुढच्या चाकावरचा चिखल निघाला आणि लोखंडी डिस्कवर, नटाच्या भोकापासून निघालेली केसाएवढी भेग मला दिसली. टायर तर कधीचे झिजून गोटा झाले होते. वाटणाच्या पाट्याला निदान टाकी लावलेली असते, ह्या टायरांना तेही नव्हतं. ही भेग कधीची, म्हणून विचारलं तर हे म्हणाले, असेल कधीची तरी. डिस्क आणि टायर बदलल्याशिवाय जीप खाली जायची नाही आणि निवडायला मी स्वतः येणार, असं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. हे हसले. पण मी रडायला लागले की ह्यांचं काही चालत नाही, आणि मी रडले.

साखळीच्या दुकानात बाई टायर बघायला आली म्हणून आधी सगळ्यांची करमणूक झाली. दुकानदार मला खुर्ची देत होता. मी बसले नाही. बांगडा ताजा आहे का ते कल्ला उघडून बघावं तसं मी एकेका टायरच्या नक्षीत बोट घालून बघितलं. नुसते रस्त्याचे टायर मी लगेच बाजूला केले. मोठमोठ्या बटणांचा चिखलाचा टायर मला फार आवडला, पण ओल्या डांबरावर तो घसरतो, असं दुकानदारानेच सांगितलं, आणि आमची जीप बाजाराला, दवाखान्यालाही जायची. मधला एक होता, डांबर आणि चिखल दोन्हींना चालणारा, ऑल-टेरेन. ह्यांचं मन मात्र त्यातल्याच रुंद टायरावर बसलं, जीप रुबाबदार दिसेल म्हणून. मी म्हटलं, एक चाक लावून स्टिअरिंग पुरतं वळवून दाखवा. वळवलं तर टायर आतल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना घासला. मग ह्यांनीच तो उतरवला. जुन्याच मापाचे ऑल-टेरेन टायर आणि कोऱ्या डिस्क घेतल्या, स्टेपनीसकट. येताना मी चक्क गुणगुणत होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसऱ्या दिवशी झालं. पंपवाल्यांची एक रीत होती, ती मला कुणी कधी सांगितली नव्हती. जीपला ब्रेक असोत की टायर, काहीही नवीन बसवलं की ते ज्याने निवडलं त्याने पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर बसायचं. त्या जागेच्या राखणदाराला नारळ द्यायचाच, पण सगळाच भार देवावर टाकायचा नाही, असा त्यांचा विचार. एरवी निवडणारे आणि चालवणारे हेच, त्यामुळे प्रश्न आला नव्हता. त्या सकाळी दोघंही दारात आले आणि जीपमध्ये चढेनात. त्यांतला थोरला शांतपणे म्हणाला, "वैनी, ज्येणी टायर निवडले त्येणीच पयल्या फेरेक बसाक व्हया. आमची रीत आसा ती."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे काचेवरचं पाणी पुसत राहिले. आमची लहान मुलगी सासूबाईंच्या मांडीवर पेज खात होती. मी पदर खोचला आणि बसले.

खाणीच्या तोंडाशी नारळ फोडला आणि जीप उतरायला लागली. एका अंगाला तांबडी भिंत, दुसऱ्या अंगाला काही नाही. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर पावसाने कड खाल्ली होती, रस्ता जीपला जेमतेम पुरेल एवढाच उरला होता. तिथे मागची चाकं घसरली आणि जीप दरीच्या अंगाला सरकली. माझ्या बाजूला फक्त खालचं पाणी दिसत होतं. एकच गोष्ट डोक्यात आली, मुलीचे आई आणि बाप दोघंही ह्या एका जीपमध्ये बसलेत. ज्या भीतीपायी एवढं सगळं केलं, त्या भीतीला हे सुचलं नव्हतं.

ह्यांनी ब्रेक दाबला नाही. गिअर तसाच ठेवून स्टिअरिंग थोडं सरकण्याच्या बाजूला दिलं. टायरांना चिखलाखालचा दगड सापडला आणि जीप सरळ झाली.

"भियाव नको," हे म्हणाले. "टायर धरतत."

तळाशी पोचल्यावर मी उतरलेच नाही. पंपवाले निघून गेले तेव्हा मी ह्यांना विचारलं, जुने टायर असते तर काय झालं असतं? हे जीप वळवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जुन्या टायरांर त्या वळणार जीप रोजच सरकायची."

घरी आल्यावर मुलीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

टायर चांगले निघाले. ती जीप त्या टायरांवर पुढे किती तरी पावसाळे धडधाकट चालली आणि ह्यांच्या अंगाला कधी ओरखडासुद्धा आला नाही. भीती मात्र गेली नाही. पूर्वी हे निघाले की मला नुसती धाकधूक असायची, कुठे काय होईल ते ठाऊक नसायचं, त्यामुळे चुलीवर भात चढवला की थोडा विसरही पडायचा. आता ते दुसरं वळण मला पाठ झालं होतं. जीप दारातून हलली की मी मनाने पुढच्या सीटवर जाऊन बसायचे, आणि ते वळण पार होईपर्यंत मुलगी पदर ओढून हाका मारत असली तरी मला ऐकू यायचं नाही.