फळीच्या दुसऱ्या टोकाला

पन्नास सालाच्या आगेमागे ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्यांची लग्नं चर्चमध्ये लागली, त्यांनी आपले जुने फोटो काढून बघावेत. कुठल्या तरी कडेला एक उंच, हडकुळा माणूस दिसेल आणि त्याच्याहून उंच असं एक लाकडी धूड. माणूस कोण, हे नवरा-नवरीला सांगता यायचं नाही. बास, म्हणजे उभ्याने वाजवायचं ते खर्जातलं तंतुवाद्य, वाजवणाऱ्याचं असंच असतं. तो वाजवतो तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. नसला की मात्र नाचणाऱ्यांचे पाय चुकतात, आणि ते का चुकले हे कुणाला कळत नाही.

हा माणूस म्हणजे ठाण्याच्या चेंदणीचा सिल्वेस्टर मिनेझिस. पण ते धूड त्याचं नव्हतं. त्याच्या थोरल्या भावाचं, गिल्बर्टचं होतं.

गिल्बर्ट कल्याणला रेल्वेच्या शेडमध्ये कामाला होता. इंग्रज गेले, कल्याण कॅम्पातले गोरे शिपाई बोचकी आवरून निघाले, तेव्हा त्यांच्या बँडमधला हा बास गिल्बर्टने मिळवला आणि बैलगाडीत घालून थेट खाडीकाठच्या आपल्या घरी आणला. घर बैठं, जमीन शेणाने सारवलेली. बासच्या बुडाला असते ती लोखंडी खुंटी सारवणात रुतायची आणि आई ओरडायची. मग गिल्बर्टने मागच्या पडवीतून बापाच्या मोडलेल्या होडीची एक लांब फळी आणून आडवी टाकली आणि खुंटी तिच्यावर टेकवली. फळीच्या दुसऱ्या टोकाशी आईचं बाकडं. ती तिथे मासे निवडत बसायची, अनवाणी पाय सवयीने फळीवर.

आईचं नाव व्हिक्टोरिया. तिचे कान तेव्हाच जायला लागले होते. आधी पाखरं गेली, मग चर्चची लहान घंटा, मग शेजारच्या ठमाबाईचं बोलणं, आणि ठमाबाईचं बोलणं ऐकू न येणं म्हणजे हद्द झाली. पण गिल्बर्टने पहिल्यांदा बासची जाड तार ओढली तेव्हा व्हिक्टोरियाच्या हातातली कोयती थांबली. "आयला गो, ह्यो पायातून बोलतो!" ती म्हणाली. त्या दिवसापासून गिल्बर्ट वाजवायला उभा राहिला की तिचे पाय फळीवर हजर.

सिल्वेस्टर गिटार वाजवायचा, आणि चांगली वाजवायचा. पास्कू मास्तरच्या बँडमध्ये भाऊ मागे बास घेऊन आणि हा पुढे गिटार घेऊन. घरीही वाजवायचा. आई समोर बसून त्याच्या बोटांकडे बघायची आणि हात थांबला की म्हणायची, "छान वाजवतंस, सिलू." एकदा त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने डाव्या हाताने सगळ्या तारा दाबून मुक्या केल्या आणि उजवा हात नुसताच हलवत राहिला. आवाज मुळीच नाही. हात थांबला. आई म्हणाली, "छान वाजवतंस, सिलू."

त्याने गिटार खुंटीला लावली आणि खाडीवर जाऊन बसला. ते त्याच्या मनातून कधी गेलंच नाही. आपण वाजवावं आणि आपल्या आईने ते ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते गिल्बर्टला फुकटात मिळत होतं. बासला हात लावू दे म्हटलं की गिल्बर्ट खेकसायचा, "पोरखेळ नाय ह्यो, गिटार नाय." सिल्वेस्टर म्हणायचा, "चार तारा त माझ्याच हायत. जाड झाल्यात तेवढ्या." मग शब्दाने शब्द वाढायचा. आईला शब्द कळत नसत, पण चेहरे कळत, आणि ती पळी घेऊन दोघांच्या पाठीत घालायची. मोठे मिशाळ बाप्ये पळीचा मार खात.

देश स्वतंत्र होऊन दोन पावसाळे झाले आणि तिसऱ्यात गिल्बर्ट तापाने गेला. विषमज्वर. आज गोळी घेऊन माणूस उठून बसतो, तेव्हा उठत नसे. त्याच्या मागोमाग आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. रडून रडून डोळे गेले, असं वाड्यात सगळे म्हणत. तिला आता उजेड आणि सावल्या तेवढ्या दिसत. बासवर तिने आपलं जुनं लुगडं पांघरून ठेवलं होतं.

बँडला बास मिळेना. पास्कू मास्तर एक दिवस घरी आला, लुगड्याखालच्या त्या आकाराकडे बघत थोडा वेळ बसला आणि म्हणाला, "सिल्वेस्टर, तूच घे."

"मी? मी गिटारवाला."

"म्हणूनच सांगतो. त्या चार तारा तुझ्या ओळखीच्या. ई, ए, डी, जी, तशाच, फक्त आवाज खालचा. कुठल्या गाण्यात कुठली कॉर्ड येते हे तुला झोपेतसुद्धा ठाऊक. त्या कॉर्डचा सगळ्यात खालचा सूर तेवढा धर, बाकीचे सोडून दे. गिटारवर तू अख्खं वाक्य बोलतोस, ह्याच्यावर पहिलं अक्षर बोल."

सिल्वेस्टर आढेवेढे घेत हो म्हणाला. खरं सांगायचं तर मनातून तो त्याच क्षणी हो म्हणाला होता, आणि त्याची त्याला शरमही वाटली. भाऊ जाऊन सहा महिनेही झाले नव्हते.

लुगडं काढलं, फळी टाकली. मास्तर खोटं बोलला नव्हता. गाणी सगळी ओळखीची, कुठे वळायचं ते हाताला ठाऊक. पण गिटारवर पडदे असतात, दांडीवरच्या धातूच्या आडव्या रेघा. बोट पडद्याच्या जरा मागे दाबायचं, सूर पडदाच नेमका करून देतो. बासवर पडदे नसतात, तिथे बोट हाच पडदा. सिल्वेस्टरचं बोट वर्षानुवर्षांच्या सवयीने जरा मागेच पडायचं आणि सूर उतरलेला निघायचा. कान तयार, त्यामुळे ते लगेच कळायचं, मग तो बोट सरकवून सूर जागेवर आणायचा. प्रत्येक सूर असा, आधी खाली आणि मग चालत वर.

पहिल्याच दिवशी आई चाचपडत येऊन बाकड्यावर बसली आणि पाय फळीवर ठेवले. तो वाजवत राहिला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला वाटलं, आता ही गिल्बर्टचं नाव घेणार.

"सिलू," ती म्हणाली, "तार जड जाते का रं तुला?"

केवढी गोष्ट होती ती! आईने त्याला ऐकलं होतं. पण सिल्वेस्टरला त्यात फक्त आपली चूक ऐकू आली. बाहेरही तेच. कल्याणला रेल्वेवाल्यांच्या नाचात पास्कू मास्तर सनई तोंडातून काढून सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रे, तुझा सूर कळव्याहून चालत येतो काय?" बँड हसला. ही इंग्रजी सनई, क्लॅरिनेट, वाजवणारा माणूस जिभेला धार लावूनच फिरत असतो. पुढे मास्तर त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "मोकळी तार वाजवतोस तेव्हा बघ, किती सरळ येते. तिथं बोटच नाय. मोकळी तार कुणाच्याही हातची सारखीच. बोट पडलं की माणूस कळतो."

सिल्वेस्टरने मनाला लावून घेतलं. लग्नाचा हंगाम होता. बास सारखा टांग्यावर चढवून ने-आण करणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून ते धूड कल्याणला मास्तरच्या ओटीवरच राहिलं. सिल्वेस्टर कारखान्यात कामाला होता, तिथून सुटला की तिकडे जायचा. त्याने गिटारची दांडी आठवून बासच्या काळ्या पट्टीवर खडूने पडद्यांच्या रेघा ओढल्या आणि बोट रेघेच्या मागे नाही, बरोबर रेघेवर टाकायचं असं घोकलं. रेघा घामाने पुसायच्या, तो पुन्हा ओढायचा. हळूहळू त्या पुसल्या तरी काही अडेनासं झालं. सूर सरळ उभे राहायला लागले, थेट गिल्बर्टचे असायचे तसे. मास्तरचे टोमणे थांबले. त्याची हीच शाबासकी.

पावसाळ्याच्या तोंडाशी तो बास घरी घेऊन आला. आईसाठी आणला होता. फळी टाकली, तिला धरून बाकड्यावर बसवलं, आणि गिल्बर्ट नेहमी वाजवायचा तो जोडीच्या नाचाचा संथ वॉल्ट्झ सुरू केला. एकही सूर सरकला नाही.

आईचा चेहरा उजळला. तिने पायांची बोटं फळीवर घट्ट केली. मग म्हणाली, "गिल्बर्ट! कवा आयलास रं पोरा?"

त्याचा हात थांबला. ठमाबाई दारात उभी होती. "गो व्हिक्टोरियाबाय, सिलू हाय तो!" ती आईच्या कानात ओरडली. काही उपयोग झाला नाही. सिल्वेस्टरने आईचा हात घेऊन आपल्या तोंडावरून फिरवला. नाक तेच, मिशी तीच, भाऊच ते. "दाढी वाढलीय, गिल्बर्ट," आई म्हणाली. "उद्या कर."

ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि ज्याचं वय झालंय, त्याच्या आत काळ कसा फिरतो हे देवालाच ठाऊक. व्हिक्टोरिया त्या दिवशी पोटभर जेवली. घरात गिल्बर्ट होता. ठमाबाईने पुन्हा समजवायचा प्रयत्न केला तेव्हा सिल्वेस्टरनेच तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "सुखात हाय ना." तो गिल्बर्ट म्हणून वाढायचा, गिल्बर्ट म्हणून वाजवायचा. आणि मधूनमधून आई विचारायची, "सिलू कुठं जेला? कवाचा आयला नाय." त्याला तिथेच उभ्या उभ्या रडू यायचं. रडलेलंही तिला कळणार नव्हतं.

मग नोव्हेंबरातला मृतांचा दिवस आला. वाड्यातले सगळे मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन कबरस्तानात निघाले. सिल्वेस्टर आईला हाताला धरून घेऊन गेला. गिल्बर्टच्या क्रुसापाशी ती खाली बसली, मातीवरून हात फिरवला, कोपऱ्यावरची शेवाळ नखाने काढली. त्याने मेणबत्ती लावून तिच्या हातात दिली. तिने ती मातीत रोवली आणि हात जोडून, बहिरी माणसं बोलतात तशी, मोठ्याने म्हणाली,

"देवा, माझ्या सिलूच्या जिवाला थंडावा दे."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. सिल्वेस्टर तिच्या मागे उभा होता. आपल्या आईला आपल्यासाठी रडताना कुणी बघू नये. त्याने बघितलं, ती उठेपर्यंत बघितलं, आणि तिला सावकाश घरी आणलं.

घरी आल्यावर त्याने कपडेही बदलले नाहीत. फळी टाकली. आईला बसवलं. तोच वॉल्ट्झ सुरू केला आणि बोट जरा मागे टाकायला गेला, तर बोट ऐकेना. ते आपलं नेमकं जागेवर पडायचं. इतकी मेहनत करून घालवलेली चूक आता येता येत नव्हती. शेवटी त्याने बास भिंतीला टेकवला, खुंटीवरची गिटार काढली, तिच्यावर थोडं वाजवलं, पडद्याच्या मागे, पडद्याच्या मागे, हाताला जुनी सवय आठवेपर्यंत. आईचे पाय फळीवरच होते. मग त्याने पुन्हा बास धरला.

सूर खाली पडला आणि चालत वर आला.

आईच्या पायाची बोटं हलली. दुसरा सूर तसाच, तिसरा तसाच.

"सिलू?" ती म्हणाली. "सिलू, तू हायस?"

तो वाजवत राहिला, डोळे पुसायलाही थांबला नाही. आई हसली. मग तिचं हसू सावकाश कमी झालं. तिच्या चेहऱ्यावर दुसरं काहीतरी यायला लागलं, आणि ते काय आहे हे त्याला कळलं. गिल्बर्ट गेल्याच्या दिवशी तो चेहरा त्याने पाहिला होता.

"मंग गिल्बर्ट?" तिने विचारलं.

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. स्वतःला परत आणायचं म्हणजे भावाला पुन्हा एकदा पुरायचं. एका मेणबत्तीत दोघांचं भागत नव्हतं. त्याने बोट रेघेच्या जागी नेऊन पुढचा सूर सरळ वाजवला, गिल्बर्टसारखा. त्याच्या पुढचा सरकत आला, त्याचा स्वतःचा. मग सरळ. मग चालत येणारा. बँडमध्ये असं वाजवलं असतं तर मास्तरने क्लॅरिनेट फेकून मारली असती.

आई कान देऊन ऐकावं तशी पाय देऊन ऐकत होती. तिने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

"दोघं हायत," ती म्हणाली. "एकाच बासवर?" आणि थोड्या वेळाने, जरा दटावून, "आता भांडत नाय ना रं?"

"नाय, आये," सिल्वेस्टर म्हणाला. तिला ऐकू जाणार नाही हे लक्षात येऊन त्याने डावा हात पट्टीवरून उचलला, खाली सोडला, आणि सगळ्यात जाड तार, कुणाच्याही हातची, मोकळीच ओढली.