भाकरीचे सुतक

तव्यावरून उतरलेल्या तांदळाच्या भाकरीचा वास आला की मला माझे पाप आठवते. भाकरी खाण्याचे नव्हे, ती खाल्ल्याबद्दल प्रायश्चित्त घेण्याचे! हे मी आज उघड लिहितो. ज्यांना माझ्या पंक्तीस बसणे नको असेल त्यांनी खुशाल उठावे.

ठाण्याहून कल्याणास आगगाडी असताना आम्ही कचेरीतले तिघे स्नेही सुटीच्या दिवशी हौसेने पडावात बसलो. भरतीच्या वाऱ्याने शीड फुगले. कळव्याची मिठागरे, मुंब्र्याचा डोंगर, काठावरची चिमुकली गावे मागे सरत गेली. पाण्यावरून गाव किती निराळे दिसते! रस्ता आपल्याला वेशीतून नेतो. खाडी थेट परसदारी सोडते. तिथे वाळणारी जाळी असतात, चुलीचा धूर असतो, आणि सोवळे नेसून कोणीच उभे नसते.

डोंबिवलीच्या काठाशी ओहोटी लागली आणि पडाव चिखलात बसला. शिदोरी केव्हाच संपली होती. पडाव हाकणाऱ्या आमच्या तांडेलाचे, नामा कोळ्याचे, घर काठावरच होते. त्याची बायको हिराबाई चुलीपुढूनच म्हणाली, "या ना, दादा. तुमाला भूक लागली म्हनून पानी काय लवकर नाय येनार!" सोबती विटाळ नको म्हणून तोंड फिरवून पडावातच बसले. मी अंगणात गेलो आणि वालाच्या कालवणाशी पोटभर भाकरी जेवलो. जन्मात इतके गोड अन्न मी खाल्ले नव्हते.

सोबत्यांनी ते गावभर केले. आईने अन्न सोडले, आणि मी भ्यालो. मिशा उतरवल्या, पंचगव्य प्यालो, भटजींपुढे हात जोडून 'चुकलो' म्हणालो.

थोड्याच दिवसांनी पुन्हा त्या पडावात बसलो. माझ्या ओठाकडे पाहून नामाने हळूच विचारले, "रावसाहेब, घरात कोन गेलं?"

मागून एक उतारू खिदळला, "अरे, तुझ्या बायकोची भाकरी त्यांच्या पोटात गेली, तिचं सुतक पाळतायत!"

नामा हसला नाही. पाठ फिरवून त्याने शिडाची दोरी ओढली. पुढे कळले, हिराबाईने ओहोटीत अडकलेल्यांना बोलावणे सोडले. माझ्या भित्रेपणापायी किती माणसे भुकेली बसली असतील त्या चिखलात! देणारा हात आखडावा, हे पाप कोणत्या पंचगव्याने धुऊन निघते?

मी मिशा वाढवल्या. त्याच भटजींना जाऊन सांगितले, "घेतलेले प्रायश्चित्त मी मोडतो आहे. पंक्तीतले माझे पान उचला." त्यांनी उचलले. उचलोत!

मग ओहोटीची वेळ मुद्दाम साधून निघालो. अंगणात तोच वास दरवळत होता. हिराबाईने मान वर केली नाही.

"काय पायजे, रावसाहेब?"

"भाकरी."

"आन घरी जाऊन परत मिशी काढाल?"

"नाही, हिराबाई. भटजींपुढे 'चुकलो' म्हणालो, तिथेच चुकलो. मला क्षमा करा."