मास्तरांचं खातं

मास्तर वारले त्याला तीन वर्षं झाली, तरी ते रोज सकाळी सव्वानऊला कामावर हजर असायचे. दचकू नका, भुताची गोष्ट नाही ही. कंपनीच्या ग्रुपवर रोज एक ओळ आपोआप उमटायची: 'नवीन आवृत्ती निघाली. प्रेषक: मास्तर.' ती ओळ उमटवणारी बाई दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत एकटी बसलेली असायची.

वय एक्कावन्न. सगळे तिला मॅडम म्हणायचे, कारण दुसरं काही म्हणण्याइतकी कुणाची तिच्याशी ओळखच नव्हती. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. रक्ताचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, असलं सगळं. खालच्या मजल्यावरची पोरं त्यात सुधारणा करायची आणि सुधारलेला प्रोग्रॅम तीनशे चाळीस दवाखान्यांत पोचवायचं काम हिचं. खरं तर एका टूलचं. तिला हे काम शिकवणारे मास्तर त्या टूलला हमाल म्हणायचे. "धाकटे, हमालाला हाक मार, ओझं तयार आहे," असं म्हणत चष्मा कपाळावर ढकलायचे. तिसाव्या वर्षी ती इथं आली तेव्हा तिला लावलेलं 'धाकटी' हे नाव त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

तसलं काही नव्हतं हो! चौकशा करणाऱ्यांनी तेव्हाही करून घेतल्या. दोन खुर्च्या, एक खिडकी आणि अठरा वर्षं, एवढंच. मग एका सोमवारी मास्तर आलेच नाहीत. त्यानंतर तिच्याशी बोलणारं म्हणाल तर रविवारी फोन करणारा परदेशातला भाऊ. तोही "बरी आहेस ना?" विचारून उत्तराआधीच वहिनीकडे फोन द्यायचा.

माणूस गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद करायचं, हे तिला मास्तरांनीच शिकवलेलं. पण हमालाची सगळी कामं त्यांच्याच नावानं चालायची. पासवर्डही त्यातच उघडे लिहून ठेवलेले, खुद्द मास्तरांनीच! शहाण्या माणसाचा हा असा गाढवपणा. खातं बंद केलं तर सगळंच नव्याने जुळवावं लागणार, म्हणून आज करू, उद्या करू असं चाललं. आणि मग, खरं सांगायचं तर, तिला ते आवडायलाच लागलं. सकाळी बटण दाबायचं आणि ग्रुपवर त्यांचं नाव बघायचं. त्यानंतरच ती चहा घ्यायची.

तीन आठवड्यांपूर्वी हमाल बनवणाऱ्यांचं पत्र आलं. जुन्या आवृत्तीत भगदाड सापडलंय, बाहेरचा कुणीही आत शिरून पासवर्ड वाचू शकतो, ताबडतोब नवीन आवृत्ती घ्या. ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "चालतंय ना? मग कशाला हात लावताय?" दुसरं कुणी असतं तर भांडून करून घेतलं असतं. हिनं मुकाट्यानं मान डोलावली. कारण नवीन आवृत्तीत आत शिरताना मोबाइलवर आलेला आकडा टाकावा लागणार होता. मास्तरांच्या मोबाइलवर आकडा आला तर वाचणार कोण?

गुरुवारी दुपारी ती डबा उघडून बसली होती. एक वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. 'नवीन आवृत्ती निघाली. प्रेषक: मास्तर.'

"आले वाटतं," ती चक्क मोठ्यानं म्हणाली. क्षणभर इतकं बरं वाटलं तिला, इतकं बरं, की घास हातातच राहिला. मग तिची पाचावर धारण बसली. बटण तर तिनं दाबलंच नव्हतं.

उष्ट्या हातानंच तिनं कीबोर्ड ओढला. लॉगमध्ये, म्हणजे हमालाच्या नोंदवहीत, स्पष्ट दिसत होतं: चार दवाखाने पूर्ण, तीनशे छत्तीस बाकी. कुणीतरी मास्तरांच्या नावानं आत शिरून भलताच प्रोग्रॅम सोडला होता. पेशंटचं नाव, फोन, रिपोर्ट, सगळं कुठल्यातरी परक्या पत्त्यावर गुपचूप धाडणारा. पण मास्तरांची एक खोड होती. आधी चार दवाखाने, मग अर्धा तास थांबायचं, कुणी बोंब मारली नाही तरच पुढे. हमालाच्या अंगात ती खोड त्यांनी भिनवून ठेवली होती, आणि चोराला ती ठाऊक नव्हती. अर्ध्या तासातली एकोणीस मिनिटं उरली होती.

तिनं हमाल थांबवला. चारही दवाखान्यांना स्वतः फोन केले. "नेटची वायर उपटा, कारण नंतर सांगते!" एरवी दुकानदारालासुद्धा फोन करताना तिला घाम फुटायचा. मग ती जिना उतरून साहेबांसमोर उभी राहिली.

"मास्तरांचं खातं अजून चालू होतं?" साहेब ओरडलेच. "कुणी ठेवलं चालू?"

"मी," ती म्हणाली. "आणि त्या पत्राच्या वेळी मी गप्प बसले, तेही त्यासाठीच."

साहेबांना ते पत्र आठवलं असावं. ते एवढंच म्हणाले, "आधी ते खातं पुसा."

खातं पुसताना हमालानं कारण विचारलं. यादी होती: नोकरी सोडली, बदली, इतर. तिनं 'इतर' निवडलं. कारण लिहिल्याशिवाय तो पुढे जाईना. तिनं लिहिलं, 'मास्तर गेले.' तीन वर्षांत हे दोन शब्द तिनं कधी उच्चारले नव्हते. मग तिनं पदर डोळ्यांना लावला आणि रडून घेतलं.

पुढचे चार दिवस निस्तरण्यात गेले. चारही ठिकाणचा चोरटा प्रोग्रॅम काढला, तिथल्या पेशंटना कळवलं. सगळे पासवर्ड बदलले, उघड्यावरून उचलून कुलूपबंद ठेवले. हमालाची नवीन आवृत्ती आणली. ज्याचं त्याचं खातं वेगळं. शिवाय नियम केला, की दोन माणसांनी होकार दिल्याशिवाय काही निघायचं नाही. चार दवाखाने आणि अर्धा तास मात्र तसाच ठेवला.

मंगळवारी दुसरा होकार द्यायला खालची टेस्टिंगवाली मुलगी वर आली. मास्तरांच्या खुर्चीवर फायलींचा ढीग होता. "मॅडम, इथे बसू का?" मॅडमनी एकेक करून फायली उचलल्या.

तिनं स्वतःच्या खात्यातून पाठवलं. मास्तरांनी तिच्या पहिल्याच दिवशी काढून दिलेलं, एकदाही न वापरलेलं खातं. मुलीनं होकार दिला. दोघींचे फोन एकदमच वाजले.

"अय्या," मुलगी फोन बघत म्हणाली, "प्रेषक: धाकटी? ही धाकटी कोण हो?"

"मी," ती म्हणाली. तीन वर्षांनी तिनं त्या नावाला ओ दिली होती.