टाच दबणारे बूट

माझं पहिलं पोस्टिंग महूला होतं. घर मल्हारगंजमध्ये, म्हणजे बसनं तासाभराचं अंतर. चार वर्षांची नोकरी संपवून मी आता इंदूरच्याच एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील, त्या सांभाळून घ्याव्यात. कॉलेजच्या जिममधली मुलं विचारतात, वजन उचलताना बूट कोणते घालायचे? उत्तर दोन ओळींचं आहे. पण मला ते ज्याच्यामुळे कळलं, त्याच्याबद्दल सांगायला जास्त जागा लागेल.

फौजेत प्रत्येकाला एक बडी, म्हणजे नेमून दिलेला जोडीदार, असतो. माझा बडी सिपाही यशवंत, परभणीकडचा. रूट मार्चवरून आलं की बडीनं बडीचे पाय बघायचे, फोड असेल तर सांगायचं, अशी पद्धत. मी त्याचे बघायचो, तो माझे.

0530 ला पीटी, 1630 ला गेम्स परेड. यशवंतचं नाव पीटी कोर्ससाठी गेलं होतं. कोर्स झाला असता तर त्याला रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरवर इन्स्ट्रक्टर म्हणून पाठवणार होते. रोज गेम्स परेडला तो जुन्या कॅनव्हासच्या बुटांत, खांद्यावर बार घेऊन स्क्वॅट मारायचा. तळ चपटा आणि कडक, पण पुढे अंगठ्यापाशी दोन्ही फाटलेले.

सिलेक्शनच्या आठवडाभर आधी किट इन्स्पेक्शन होतं. फाटके बूट दिसले तर यशवंतला झाप बसेल, म्हणून मी ते त्याला न विचारता टाकून दिले. त्याच्या पलंगाखाली इंदूरहून आणलेले नवे रनिंगचे बूट ठेवले. तळाला जाड, मऊ फोम. मला वाटलं, पायांना आराम.

"लेका इंदुरी, हे बूट हायेत का गाद्या?"

"भिया, घालून तर बघ. पाय एकदम मक्खन!"

"अन् माझे जुने?"

"गेले."

"तू माझा बडी हायेस का सासू?" असं म्हणून तो हसला.

त्याच दिवशी, 1640. बारवर एकशे वीस किलो. आमचे पीटी उस्ताद, हवालदार शिंदे, मागे उभे होते. त्यांनी खाली बघितलं.

"नया जूता? उतार. नंगे पैर कर ले."

यशवंतनं माझ्याकडे बघितलं. "नहीं उस्ताद, ठीक है."

माझं मन राखायला तो तसं म्हणाला, हे मला तेव्हा कळलं नाही.

दोन स्क्वॅट नीट झाले. तिसऱ्याला वर येताना उजवी टाच फोममध्ये बसली, घोटा आत वळला, मागोमाग गुडघा. बार तिरका झाला.

"छोड़! पीछे छोड़!" उस्ताद ओरडले.

1655 ला तो एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात होता. गुडघ्याचं लिगामेंट. मेडिकल कॅटेगरी खाली आली. कोर्समधून नाव कटलं.

संध्याकाळी उस्तादांनी मला बोलावलं. बूट हातात घेऊन त्यांनी टाचेवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"दौड़ने का जूता झटका पीता है. वजनाखाली तेच नको. टाच दबली नाही पाहिजे, बोटांना पसरायला जागा पाहिजे. समझा?"

"जी, उस्ताद."

मुलांना मी हेच सांगतो. दुकानात गेलात तर आधी टाचेत अंगठा दाबून बघा. पळायला मऊ बूट घ्या, वजनाला चपटे आणि कडक.

यशवंत मला एवढंच म्हणाला, "लेका, कोर्स पुढच्या वर्षी बी असतो."

पुढच्या वर्षी बटालियन उत्तरेला, बर्फात गेली. त्याचा गुडघा बरा झाला होता, कॅटेगरीही परत मिळाली. कोर्सला मात्र त्या वर्षी आमच्या कंपनीतून कोणालाच पाठवलं नाही. जानेवारीत एका सकाळी 0710 ला गस्तीचं पेट्रोल निघालं, यशवंत त्यात होता. मी पोस्टवर रेडिओ सेटवर होतो. 0825 ला डोंगरावरून बर्फ कोसळल्याचा आवाज आला. आमची पोस्ट वन, पेट्रोल टू; मी सेटवर हाक दिली.

"टू, वन. रिपोर्ट. ओव्हर."

मी पुन्हा विचारलं.

"वन, टू. बर्फ आया. यशवंत नीचे है. ओव्हर."

1340 ला तो सापडला.

नोकरी संपल्यावर मी परभणीला त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांनी चहा पुढे केला आणि एकच गोष्ट विचारली.

"शेवटी शेवटी पाय दुखत व्हता का त्याचा?"

"नाही काका. पेट्रोलमध्ये सगळ्यात पुढे तोच होता."

मग मी त्यांना बुटांचं सांगितलं. जुने मी टाकले, नवे मी आणले, कोर्स माझ्यामुळे गेला. कोर्सला गेला असता तर तो सेंटरवर असता, हेही बोललो. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"आमाला तर म्हणला, पाय घसरला," ते म्हणाले. "तुझं नावबी घेतलं न्हाई कधी."

सिपाही यशवंत. वय तेवीस. माझा बडी.