सरुबाईचे बांगडे

लोणावळ्याच्या बाजारात सरुबाईच्या नाकाला सरकारी शिक्क्याहून जास्त मान होता. मुंबईची मासळी सकाळच्या गाडीनं उतरली की ती कल्ला उचलून वास घेई, आणि तिनं मान हलवली की गिऱ्हाईक पुढं काही विचारत नसे.

लढाईच्या दिवसांत मुंबईबाहेरच्या समुद्रात तेलाचं जहाज फुटलं. मासळीवर काय परिणाम झाला ते पाहायला सरकारनं एक तपासनीस साहेब नेमला. समुद्रकाठचा उकाडा प्रकृतीला मानवेना, म्हणून साहेबांनी समुद्राची तपासणी लोणावळ्याच्या बंगल्यातून चालवली.

त्या सकाळी सरुबाईच्या सहा पाट्यांपैकी दोहोंना रॉकेलचा वास आला. तिनं त्या आपणहून बाजूला काढल्या आणि साहेबांचे कारकून सोपानराव आले तेव्हा दाखवल्या. सोपानरावांनी समजावलं, की नाक नियमात बसत नाही. मासा पाण्यात बुडवायचा, तवंग आला तर मासळी दूषित, असा नियम. प्रत्येक पाटीतला एकेक बांगडा ते घेऊन गेले.

पण सोपानराव माळकरी. कच्चा मासा डोळ्यांसमोर धरवेना. त्यांनी खानसामा मेहबूबला सांगितलं, आधी शिजवून आण, मग तपासतो. मेहबूबनं मन लावून तळले. सहाही भांड्यांत तवंग आला, एकात तर हळदीसकट. बाराच्या आत हुकूम निघाला: लोणावळ्यातली सगळी मासळी पुरून टाकावी. बाजारामागं खड्डाही खणून झाला.

कोथिंबीर घ्यायला आलेल्या मेहबूबकडून सरुबाईला सगळं कळलं. ती तशीच बंगल्यावर गेली. साहेब जेवायला बसले होते, ताटात तळलेले बांगडे.

"सायेब, त्ये तेल समुद्रातलं न्हाई, तुमच्या कढईतलं हाय."

साहेबांनी सोपानरावांकडे पाहिलं. सोपानराव म्हणाले, असेलही, पण अहवाल टपालानं गेला.

"मंग ह्ये ताट बी द्या," सरुबाई म्हणाली. "हुकमात सगळी मासळी म्हनलंय. खड्ड्यात जागा हाय लय."

तिनं ताटाला हात घातला. साहेबांनी ताटाकडे पाहिलं, सोपानरावांच्या हातातल्या हुकमाकडे पाहिलं, आणि बांगडे निवायच्या आत हुकमावर लिहिलं: फेरतपासणी होईपर्यंत स्थगित.

चार पाट्या दिवेलागणीपर्यंत खपल्या. रॉकेलच्या दोन सरुबाईनं त्या आयत्या खड्ड्यात ओतल्या. सोपानरावांनी लांबूनच हटकलं, की हुकूम थांबलाय, आता पुरायला परवानगी लागेल. ती माती लोटत राहिली.