हात वर करण्याआधी

प्लास्टर माझ्या हाताला होतं आणि आजारी तो निघाला. न्यूरोसर्जन बाईंनी एमआरआय स्क्रीनवर उघडला, कपाळामागच्या एका पांढऱ्या गोळ्यावर पेनाचं टोक टेकवलं आणि म्हणाल्या, "मेनिन्जिओमा. म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढलेली गाठ. बहुधा कॅन्सरची नाही, पण मोसंबीएवढी आहे. बरीच वर्षं वाढत असणार."

मी विचारलं, "गाठीने माणूस मारायला लागतो?"

"गाठ जिथे दाबते आहे, तो मेंदूचा, रागाचा लगाम धरणारा भाग आहे. वासाची नसही तिथेच असते. यांना वास येत होता का?"

मला हसू आलं. सगळं वासावरूनच तर झालं होतं. त्या दिवशी सकाळी दूध करपलं, एवढंच मी निखिलला म्हटलं होतं. निखिल माझा नवरा. त्याचं म्हणणं, मला वास येत नाही म्हणजे करपलेलं नाही. मी पातेलं त्याच्या नाकाखाली धरलं, तर त्याने ओट्यावरचा पोह्यांचा स्टीलचा डबा उचलून माझ्या डोक्यात घातला. मी हात मध्ये घातला म्हणून डोकं वाचलं. मनगट मोडलं. घरभर पोहे झाले आणि तो त्या पोह्यांवरून चालत ऑफिसच्या फोनवर बोलत राहिला.

मी रिक्षा केली. बरोबर कपड्यांची बॅगही घेतली. हॉस्पिटलात हात दाखवायचा आणि तिथूनच नारायण पेठेत आईकडे जायचं, वारज्याच्या त्या फ्लॅटमध्ये परत पाऊल ठेवायचं नाही, हे जिना उतरतानाच ठरलं होतं. तो मागून गाडी घेऊन आला. बायको घसरून पडली, असं डॉक्टरांना सांगायला.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर त्याने सिक्युरिटीवाल्याची कॉलर धरली, त्याला दोनदा भिंतीवर आपटलं, मग काउंटरची काच मुठीने फोडली. रक्त कोपरापर्यंत आलं तरी थांबेना. मग एकदम ताठ झाला आणि आडवा पडला. फिट आली होती. ती आली नसती तर आज मी हे लिहीत नसते, निदान याच्याच घरात बसून तर नाहीच.

निखिलचं काम सांगायला हवं, कारण हा आजार लपला तो त्या कामात. तो प्रायव्हेट इक्विटीत आहे. म्हणजे मोठ्या लोकांचे पैसे घेऊन चालत्या कंपन्यांत हिस्सा घ्यायचा, चार-पाच वर्षं मालकाच्या मानगुटीवर बसायचं, कंपनी वाढवायची आणि हिस्सा विकून निघायचं. मी लग्न केलं तेव्हा या धंद्यात तो शांत म्हणून ओळखला जायचा. कारखान्यात गेला की आधी कॅन्टीनमध्ये जेवायचा, कामगारांशी बोलायचा, मगच मालकाकडे. मालक बोलून बोलून दमायचा तोवर हा गप्प. घरीही तसाच. आमचं भांडण व्हायचं म्हणजे मी भांडायचे.

मग दोन-एक वर्षांत माणूस बदलला. मीटिंगमध्ये फाइल फेकणं, फोनवर आईबहिणीवरून शिव्या. भोसरीच्या एका कारखानदाराच्या डोक्यावरून त्याने पाण्याचा ग्लास भिंतीवर फोडला. काचा त्या माणसाच्या केसांत अडकल्या आणि त्याने, साठीच्या माणसाने, तशीच सही केली. हे मला कुणी सांगितलं? त्याच्या सीनियर पार्टनरने, ऑफिसच्या पार्टीत, कबाब खाता खाता. "वहिनी, निखिल आता खरा तयार झाला. आधी फार सभ्य होता." त्या वर्षी त्याला बढती मिळाली. दुसऱ्या कुठल्याही नोकरीत कुणीतरी म्हटलं असतं, अहो, याला डॉक्टरकडे न्या. यांनी टाळ्या वाजवल्या.

मीही काय वेगळं केलं? कामाचा ताण, म्हटलं. कोथरूडला शाळेत मी मुलांना निबंध शिकवते, मला शब्दांची काय कमी? ताण, दगदग, रक्तदाब. त्याने माझा फोन भिंतीवर फोडला तेव्हा ताण. दारात माझं बोट चेमटलं आणि दार धरून ठेवलं तेव्हाही ताणच.

ऑपरेशनला क्रेनिओटॉमी म्हणतात. कवटीचा तुकडा कापून काढायचा, गाठ काढायची, तुकडा परत बसवायचा. संमतीवर मी डाव्या हाताने सही केली. त्याआधी डॉक्टर बाईंना एकच विचारलं, "गाठ काढल्यावर हा मारायचा थांबेल का?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "बराच फरक पडायला हवा. पण किती राग गाठीचा आणि किती माणसाचा, हे मला एमआरआयमध्ये दिसत नाही. खोटं सांगणार नाही."

त्या क्षणी मला त्या बाईंचा राग आला होता. आता त्यांचे उपकार वाटतात.

नागपूरहून सासूबाई आल्या. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या प्लास्टरवर हात ठेवून बसल्या. मला वाटलं, आता मुलाची बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "माह्या पोरानं केलं न हे? गाठ असो का काही असो. तुले राहाचं नसन तं नोको राहू. मी समाजात कोनाले काय सांगाचं ते पाहून घेईन." आणि पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून माझ्या हातात दिला. मी तिथे पहिल्यांदा रडले.

गाठ निघाली. पण आयसीयूत दोन दिवसांनी डिलिरियम सुरू झाला. म्हणजे मेंदू गोंधळतो, आपण कुठे आहोत ते पेशंटला कळत नाही. भेटायच्या वेळेत आम्ही आत गेलो तेव्हा त्याने सलाइन उपटली होती, चादरीवर रक्ताचे डाग होते, आणि सिस्टरचा गळा त्याच्या हातात होता. "साइन कर," तो तिला ओरडत होता, "साइन कर, नाहीतर कंपनी रस्त्यावर आणीन." तिचे डोळे पांढरे व्हायला लागले. दोन वॉर्डबॉय त्याचे हात सोडवत होते, मी त्याचे पाय दाबून धरले. त्याने लाथ मारली ती माझ्या बरगडीत बसली. मीही मारलं त्याला. प्लास्टरचा हात त्याच्या मांडीवर मारला, पुन्हा पुन्हा, जीव खाऊन, आणि माझं मोडलेलं मनगट ठणकत असतानाही मला बरं वाटत होतं. सासूबाईंनी मला मागे ओढलं.

मग त्याला पट्ट्यांनी पलंगाला बांधलं. सिस्टर गळा चोळत बसली होती. मी माफी मागायला गेले तर म्हणाली, "मॅडम, ते हे विसरतील. तुम्ही आधी तुमच्या हाताचा परत एक्स-रे काढा."

तो खरंच विसरला. शुद्धीवर आला तो हळू आवाजात पाणी मागत. माझं प्लास्टर पाहून विचारलं, "हे कसं झालं?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, डबा, दार, बोट. डोक्याला टाके पडलेल्या माणसाला असं सांगू नये म्हणतात. मी सांगितलं.

टाके सुकेपर्यंत आणि सासूबाई आहेत तोवरच, असं म्हणून मी त्याच्याबरोबर वारज्याला परत आले. घरी आणल्यावर सीनियर पार्टनर फुलं घेऊन आले. "वहिनी, ती गाठ होती हो, आपला निखिल नव्हता." मग त्याच्याकडे वळून, "जुना निखिल परत कधी येतोय? मोठं डील अडलंय."

"कुठला जुना?" मी विचारलं. ते चहा पिऊ लागले.

निखिल म्हणाला, "गाठ असेल, सर. हात माझाच होता."

तो पुन्हा त्या नोकरीत आहे. भोसरीच्या त्या कारखानदाराची माफी मागायला गेला तेव्हा ते गृहस्थ टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसले. त्यांना मी अजिबात दोष देत नाही. मी स्वतः कुठे जवळ बसत होते? बॅग मी दाराशी भरलेलीच ठेवली होती. घरी आल्यावर काही दिवसांतच त्याने भिंतीवरच्या पंख्याची दोरी ओढायला हात वर केला आणि मी हातातलं ताट डोक्यावर धरून खाली बसले. भात सगळा फरशीवर. त्याने पाहिलं. खाली बसून भात गोळा केला. दुसऱ्या दिवसापासून तो सांगायला लागला, "मी हात वर करतोय, डबा काढायचाय." "हात वर करतोय, दिवा लावायचाय." दिवसातून कितीतरी वेळा. ऐकून सासूबाई डोळे पुसायच्या. मी पुसत नव्हते. मी फक्त त्याच्या हाताकडे बघायचे.

तुमच्या घरात कुणी असं बदललं असेल, तर माझं सांगणं सरळ आहे. आधी घराबाहेर पडा, सुरक्षित जागी जा. मग तपासण्या करा. उलटं करू नका. आणि वास येतो का ते विचारा, त्यात काही खर्च नाही. गाठ निघाली म्हणून राहायलाच हवं असं नाही, आणि राहिलात तर त्याबद्दल हार घालून घेऊ नका.

निखिलला वास परत आला नाही, येणारही नाही म्हणतात. राग त्याला अजून येतो. परवा पार्किंगवरून शेजाऱ्यावर चांगलाच तापला, तेव्हा मी दाराशी जाऊन उभी राहिले. त्याने पाहिलं, शेजाऱ्याला "नंतर बोलू" म्हणाला आणि खाली चक्कर मारायला गेला.

काल सकाळी मी पोहे करायला घेतले. डबा तोच, एका बाजूने चेपलेला, हल्ली वरच्या फळीवर असतो. त्याने तो काढून ओट्यावर ठेवला. पोहे भिजत घातले, कांदा चिरला, फोडणी दिली, आणि तेव्हा लक्षात आलं की हात वर करताना तो काही बोललाच नव्हता. विसरला होता. आणि मी कांद्याकडे बघत होते.

दुपारी बॅग रिकामी केली. माळ्यावर टाक म्हणून त्याच्या हातात दिली. तो स्टुलावर चढला, दोन्ही हात वर केले, आणि मी खाली स्टूल धरून उभी राहिले.